हिशोब कुठे व्हायचा?

आठवीच्या वर्गात सचोटीवरचा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, आखिरतच नसेल तर माणूस नेकी कशाला करील?" वर्ग हसला. "धड्यापुरतं बोल," म्हणून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

मी श्रद्धा मानणारी आहे. नमाज पढते, रोजे ठेवते. तरी त्या प्रश्नाने मला हमीद दलवाई आठवले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक पारलौकिक मानत नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी होती. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. समाजाचा रोष पत्करला. ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले, तेव्हा वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी नव्हती. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत दहन झाले.

ज्याला जन्नतची आशा नाही, त्याने हे कशासाठी केले?

याचे उत्तर मला माझ्या खालाकडे पाहून सुचते. तिला पत्राने तलाक आला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पदरात दोन मुले. वडीलधारे म्हणाले, "सब्र कर बेटी, तिथे मोबदला मिळेल." खालाने सब्र केला. शिलाई मशीनवर मुले वाढवली, डोळे अधू करून घेतले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. मोर्चानंतर तब्बल एक्कावन्न वर्षांनी. खाला तोवर गेली होती.

सब्र सांगणारे वाईट नव्हते. त्यांनी हिशोब उद्यावर टाकला, एवढेच. ज्याच्यापाशी 'उद्या' नाही, त्याला ही सवलत नाही. समोरच्या बाईचे आयुष्य एकदाच आहे, गेलेला दिवस कुठेच भरून मिळणार नाही, असे मानणारा माणूस स्वस्थ कसा बसेल? त्याच्या जगण्याचे मोल तिथेच आहे.

बसऱ्याच्या राबियांची एक गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. एका हातात आग, दुसऱ्या हातात पाणी घेऊन त्या निघाल्या होत्या. जन्नत जाळायला आणि जहन्नम विझवायला. लालूच आणि भीती यांच्यापलीकडची भक्ती त्यांना हवी होती. म्हणजे मोबदल्याविना नेकी आपल्याला परकी नाही. सवाब मोजत दिलेल्या सदक्यात गरीब माणूस नुसता निमित्त होऊन राहतो, हे आपणही जाणतो.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खालाच्या कबरीवर दुआ मागताना, तिला तिथे तरी सुख लाभले असेल, हा दिलासा मला मिळतो. आखिरत न मानणाऱ्याला तो नाही. त्याला ते दुःख तसेच उघडे सोसावे लागते. म्हणून तो माझ्यापेक्षा हलका ठरत नाही. आणि माझा दिलासा मला खालाच्या डोळ्यांच्या जबाबदारीतून सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटले, "बेटी, तुझी मैत्रीण पडली तर तू तिला उचलतेस. तेव्हा जन्नत आठवते का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही टीचर, तिचा गुडघा दिसतो."