कार्यक्षमतेचे माप

एकरी अधिक पीक काढणारा शेतकरी तो कार्यक्षम, हे विधान वरकरणी निर्विवाद वाटते. परंतु ज्या मापाने आपण मोजतो, ते माप खरे आहे काय, हा प्रश्न आधी विचारणे अगत्याचे आहे.

आमच्या बऱ्हाणपूरचे नाव केळीसाठी सर्वतोमुखी आहे. पण हळदीसारखे कंदपीकही या मातीला परके नाही. हळद हे धीराचे पीक होय. पावसाच्या तोंडावर लावलेला कंद आठ-नऊ महिन्यांनी निघतो. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे. ओल्या मालाचा वाळल्यावर सुमारे पाचवा हिस्साच हाती उरतो. अल्पभूधारकाच्या घरी ही कामे बहुतांशी घरची माणसेच करतात. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, भारतात लहान शेताचे एकरी उत्पन्न मोठ्या शेताहून अधिक दिसते. मात्र घरच्या श्रमाला बाजारभावाची मजुरी लावली, तर पुष्कळशी शेती तोट्यात जाते. म्हणजे एका मापाने जो कार्यक्षम, तोच दुसऱ्या मापाने दिवाळखोर! ज्या गृहिणीने उन्हात हळद उलथापालथ केली, तिचे नाव या हिशेबात कोठेच नाही.

पाण्याची गोष्ट याहून बिकट आहे. पावसाळा सरला की हळदीला अन् केळीला विहिरीचाच आधार. १८८२ चा सुविधाधिकार कायदा जुन्या मध्यप्रांतातही लागू होता. निश्चित मार्गाने न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत उपसून घेण्याचा हक्क तो जमीनमालकास देतो. त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी सामान्यतः तेवढ्यावरून दावा उभा राहत नाही. ज्याची कूपनलिका खोल, त्याचे पीक भरघोस. त्याच्या उत्पादनवाढीत शेजाऱ्याच्या सुकलेल्या वाफ्याचा वाटा किती, हे कोणताही तक्ता सांगत नाही. आम्ही वकिलीच्या व्यवसायात आहोत, म्हणूनच सांगतो, कायद्याने जे क्षम्य ठरते ते सारे धर्म्य असतेच असे नाही.

याच नगरीत १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शंभराहून अधिक कुंड्यांना जोडीत शहराकडे येते. डोंगर जेवढे देईल तेवढेच घ्यावे, ही मर्यादा त्या रचनेतच आहे. पंपाला अशी मर्यादा नाही. ती माणसालाच पाळावी लागते.

यावर कोणी म्हणेल, ‘कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्यास संयम शिकविणारे तुम्ही कोण?’ आक्षेप रास्त आहे. दारिद्र्य म्हणजे धर्म नव्हे, आणि अधिक पिकविण्यात पाप नाही. आमचे म्हणणे इतकेच की, एकरी क्विंटलबरोबर दर घागरीमागचे पीकही मोजावे, घरच्या श्रमालाही मोल लावावे, आणि एका झऱ्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांनी उपशाची पाळी आपसांत ठरवावी. अशा ठरावाला मंदिराच्या सभामंडपाहून योग्य जागा कोणती?

ऋषिपंचमीस आपण बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करून कंदमुळे, भाज्या खातो. त्या व्रताची कारणे शास्त्री सांगोत. आम्हांस त्यात एक हिशेब दिसतो: ताटातील घासामागे कोणाचे श्रम आहेत, याची वर्षातून एकदा तरी आठवण ठेवण्याचा. बैलाची आठवण ठेवणाऱ्या समाजाला शेजाऱ्याची विहीर विसरणे शोभणार नाही.