आंबट ताक आणि हिंसेचा प्रश्न

वेलीवर भुरी दिसली की सेंद्रिय शेती करणारे अनेक जण आंबट ताक फवारतात आणि आपल्या हातून विष गेले नाही, याचे समाधान मानतात. पण ताकातले लॅक्टिक आम्ल असो की व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक, ते बुरशीला मारते किंवा तिची वाढ रोखते. आम्लाचा अखंड रेणू पेशीच्या पटलातून आत शिरतो, तिथे प्रोटॉन सोडतो आणि ते बाहेर ढकलता ढकलता पेशीची शक्ती संपते. नैसर्गिक म्हणून हे मरण सौम्य ठरत नाही. बुरशीही याच शस्त्राने लढते: स्क्लेरोटिनिया ऑक्झॅलिक आम्ल सोडूनच सूर्यफुलाच्या पेशी मारते.

मग सगळी हिंसा सारखीच का? जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आहेत. शेतीतली हिंसा उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या कामात घडणारी; ती पुरती टळत नाही, तिला मर्यादा घालता येते. बुरशीला वेदना होत नाही, मग हिंसा कसली, असे कोणी विचारेल. पण जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या मारणाऱ्याच्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. माझ्या मते कसोटी तीच: मारणे गरजेपुरते थांबते का? या कसोटीवर जुने बुरशीनाशक पाहा: मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने 1885 मध्ये मांडले. सेंद्रिय शेतीतही त्याला मर्यादित मुभा आहे, पण मोरचुदातले तांबे हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, मातीत साठते आणि गांडुळांनाही भोवते. सेंद्रिय आम्लांना मात्र मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. आम्लाचे खरे श्रेष्ठत्व या संपण्यात आहे, त्याच्या सात्त्विक नावात नाही.

आम्ल दुबळे आहे, पावसाने धुऊन जाते, जास्त झाले तर पानेच करपतात, हा आक्षेप खरा आहे. वेलीवर केवडा रोग भडकला असताना केवळ ताकावर भिस्त ठेवून वर्षाचे पीक घालवणे ही काही अहिंसा नव्हे. तिथे परिणामकारक बुरशीनाशक वापरणाऱ्याला दोष देता येणार नाही. आम्ल जिथे पुरते तिथे मात्र दुसरे कशाला? गव्हाच्या बियाण्यावर चिकटून येणाऱ्या काणीसाठी युरोपीय संघाने 2015 मध्ये व्हिनेगरला मान्यता दिली. शत्रू बियाण्याच्या सालीवरच असतो, मात्राही थोडी लागते. उलट, रोग असो-नसो, वार ठरवून ताक फवारणे हा प्रमादच. तेव्हा पंप उचलण्याआधी पान उलटून पाहावे. केवड्याची पांढरी बुरशी खालच्या बाजूला दिसते.