घरात डोळा बसवण्याआधी

२०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला अंतरवाली सराटीवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या आल्या. अंबड तालुक्यातले हे गाव मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे २०२३ च्या ऑगस्टपासून साऱ्या राज्याला ठाऊक झाले होते. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मुक्काम तिथेच असल्याने त्यांच्यावर टेहळणी होत असल्याचा संशय व्यक्त झाला आणि विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. त्याच पावसाळ्यात मराठवाड्यातल्या इतर गावांतही रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली. हा संताप रास्त होता. आपल्या अंगणावर कोण नजर ठेवतो आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तोच प्रश्न आता घराच्या आतही विचारायला हवा. गावोगावच्या घरांवर आणि शेतांवर इंटरनेटला जोडलेले कॅमेरे बसत आहेत. त्यामागची कारणे खरी आहेत. मोटारीची केबल रात्रीत चोरीला जाते, मोसंबीच्या बागेवर राखण लागते, मुले पुण्याला नोकरीला आणि आईवडील गावी एकटे असतात. अशा घराला कॅमेऱ्याचा आधार वाटला तर त्यात गैर काही नाही. पण ड्रोन निदान दिसतो, त्याचा आवाज येतो. ओसरीवरच्या कॅमेऱ्यातले चित्र मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरमार्गे मोबाइलवर पोचते आणि वाटेत ते कोणी पाहिले, हे घरातल्या कोणालाच कळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील तपासणीची सीसीटीव्ही दृश्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. ‘ॲडमिन१२३’ यासारखे सहज ओळखता येणारे पासवर्ड बदललेच गेले नव्हते, असे तपासात पुढे आले. जगाला हा धडा आधीच मिळाला होता. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले साठ-बासष्ट ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन ती विकण्यावर कायद्याने बंदी घातली.

चोरच हवा असेही नाही. ॲमेझॉनच्या ‘रिंग’ कॅमेऱ्यांतली ग्राहकांची खासगी दृश्ये कर्मचाऱ्यांनी पाहिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत कंपनीला ५८ लाख डॉलर मोजावे लागले. ‘व्हिझिओ’चे टीव्ही घरात काय पाहिले जाते याची नोंद न विचारता घेत होते. त्या कंपनीने २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरले. विजेचा स्मार्ट मीटरही ठरावीक अंतराने वापर नोंदवत जातो. त्यावरून घरात माणसे कधी उठतात, घर कधी रिकामे असते, याचा अंदाज बांधता येतो. याच चिंतेमुळे नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती रोखली. महाराष्ट्रातला मीटरचा वाद बिलाभोवतीच फिरत राहिला. नोंदी कोण पाहणार, हा प्रश्न त्यात मागे पडला.

“आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” असे लोक सहज म्हणतात. हे बोलणारा बहुधा कॅमेरा बसवणारा असतो. त्या कॅमेऱ्यात दिवसभर दिसतात ती दुसरीच माणसे: अंगणात भांडी घासणारी सून, खाटेवर पडलेली आजी, शेजारणीशी मन मोकळे करणारी आई, कामाला आलेली मजूर बाई. त्यांना कोणी विचारलेले नसते. पुण्यात बसलेला मुलगा काळजीपोटी मोबाइल उघडतो आणि घरातल्या बायकांना मात्र स्वतःच्या ओसरीवर पदर सावरून वावरावे लागते. मला या प्रश्नाचे मर्म इथे दिसते. घरातला खासगीपणा घराच्या मालकाचा नसतो, तो घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे घरातल्या घरात कोणी कोणाला पाहावे, याचा नियम घरानेच करायचा आहे.

तो नियम अवघड नाही. कॅमेरा फाटकाकडे, गोठ्याकडे, विहिरीकडे वळवा. ओसरी, माजघर आणि न्हाणीघराची वाट त्याच्या टप्प्याबाहेर ठेवा. आवाज टिपण्याची सोय बंद करा. कॅमेरा बसवून देणाऱ्या कारागिराने स्वतःच्या मोबाइलवर खाते उघडले असेल तर ते आपल्या नावावर घ्या आणि पासवर्ड त्याच्यासमोर नव्हे, तो गेल्यावर बदला. शक्य तिथे चित्रण घरातल्याच मेमरी कार्डावर साठवा. उपकरण विकताना किंवा टाकून देताना त्यातले सारे पुसा. या सगळ्याच्या आधी घरातल्या बायकांना, म्हाताऱ्यांना आणि कामावरच्या माणसांना विचारा. त्यांनी नको म्हटले तर कॅमेरा तिथे लागू नये.

गावाने चौकात कॅमेरे बसवायचे ठरवले, तर चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे. ज्या गावांनी आकाशातल्या ड्रोनचा जाब विचारला, त्यांना आपल्या चौकातल्या आणि घरातल्या कॅमेऱ्याचा जाब विचारणे जड जाऊ नये.