खड्डा कोणाच्या दारात?

आमच्या इंदुरात मेट्रोचा पहिला टप्पा 31 मे 2025 रोजी, देवी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीस, सुरू झाला. सुपर कॉरिडॉरवरील हा सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग खांबांवरून जातो. भोवती मोकळी जागा पुष्कळ, त्यामुळे कोणाचे फारसे बिघडले नाही. पुढील योजनेत राजवाडा, बडा गणपती, रामचंद्रनगर असा विमानतळापर्यंतचा भाग मात्र भूमिगत आहे, आणि प्रश्न तेथे उभा राहतो.

भुयार खोदणारे यंत्र खोलवरून जाते. वरच्या माणसास बहुधा पत्ताही लागत नाही. स्थानकाचे तसे नाही. दोन्ही कडांना काँक्रीटच्या भिंती उतरवायच्या, मधला माती-खडक उपसायचा, छत घालून मग रस्ता पूर्ववत करायचा. एवढा लांबरुंद खड्डा काही वर्षे कोणाच्या तरी दारासमोर राहणारच. लाभ साऱ्या शहराचा, खड्डा एका मोहल्ल्याचा. हे न्याय्य कसे ठरवावे?

बहुतांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, हे वाक्य सरकारी नोकरीत आम्ही असंख्य वेळा उच्चारले. एका गावी रस्ता रुंद करताना 1894 च्या भूसंपादन कायद्याखालील नोटिसा आमच्याच सहीने निघाल्या. घरमालकास मोबदला मिळाला, वर तीस टक्के दिलासा रक्कम मिळाली. त्याच घराच्या ओसरीवर बावीस वर्षे शिवणयंत्र चालविणारा शिंपी कागदोपत्री कोणीच नव्हता. तो कार्यालयात आला, पण भांडला नाही. ‘‘साहेब, रस्ता मोठा झाल्यावर गिऱ्हाईक मला कुठे शोधेल?’’ एवढेच विचारून गेला. आम्ही दिलेले उत्तर नियमास धरून होते. ते आज आठवत नाही, प्रश्न आठवतो.

2013 च्या कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्के केली, आणि जमीन नसलेल्या परंतु तीन वर्षे तेथे पोट भरणाऱ्यांसही बाधितांत धरले. सुधारणा मोठी, हे मान्य. पण जेथे जमीन घेतलीच जात नाही, केवळ पत्रे लावून रस्ता बंद होतो, तेथील दुकानदार त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

अहिल्याबाईंनी दूरदूरच्या तीर्थांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या ज्यांचे तोंडही कधी पाहायचे नव्हते अशा यात्रेकरूंसाठी. आणि ही धर्मकृत्ये केली ती खासगीच्या उत्पन्नातून. आजच्या सरकारला ती सोय नाही, त्यास दुसऱ्याच्या ओसरीतूनच दान करावे लागते. मग ते दान कोणाचे, याची नोंद तरी असावी. स्थानकाच्या अंदाजपत्रकात सिमेंट-पोलाद धरतात, तसे बुडालेले गिऱ्हाईक आधीच धरावे आणि दुकानदारास दरमहा भरपाई द्यावी. आमचे काही स्नेही म्हणतात, अशाने कामेच होणार नाहीत. होतील, महाग होतील. आजही ती तितकीच महाग आहेत, फक्त हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो. असो.

मेट्रोस आमचा विरोध नाही; आमची नातवंडे तिने जातील. परंतु पत्रे लागण्यापूर्वी घरोघर फिरून भाडेकरू कोण, ओसरीवर बसणारा कोण, अशी यादी कोणी करणार असेल, तर त्या कामास बिनपगारी यायला आम्ही तयार आहोत. याद्या करण्यात आमची नोकरी गेली. तेव्हा एक नाव राहून गेले होते.