अंगणातील सरवा



दिवाळीच्या सुमारास रायपूरच्या पुरानी बस्तीतील दारांवर नव्या भाताच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगलेली दिसते. छत्तीसगढात तिला ‘चिरई चुगनी’ असेही म्हणतात. चिरई म्हणजे पाखरू. नव्या पिकात पाखरांचाही वाटा असावा, ही त्यामागील भावना. आपल्या ख्रिस्ती घरांनीही ती उचलावी इतकी ती सुंदर आहे.

परंतु त्या झालरीवर चिमण्या व मुनिया येतात. दयाळ, शिंपी, नाचण, धोबी तिच्याकडे वळूनही पाहत नाहीत. त्यांचे अन्न म्हणजे किडे, कोळी, अळ्या. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येणारा थिरथिराही त्यांच्याच पंगतीचा. गारठा वाढला की कीटक मंदावतात आणि पालापाचोळ्यात, सालींच्या भेगांत दडून बसतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण नाताळासाठी आवार झाडतो आणि पाला पेटवून देतो. पाखरांचे ताट जाळायचे आणि वर मूठभर तांदूळ फेकून दयाधर्म केल्याचे समाधान मानायचे, असे हे चालते.

मत्तय 6:26 मध्ये प्रभू येशू आकाशातील पाखरांकडे आपले लक्ष वेधतो. तेथील ग्रीक क्रियापद ‘त्रेफेई’, म्हणजे पोसतो. स्वर्गीय पिता काय देऊन पोसतो, हे वचन सांगत नाही. पेरणी, कापणी व कोठारे यांचा उल्लेख आधी आल्यामुळे दाणे आपणच मनाने घालतो. लूक तर त्या जागी कावळ्यांचे नाव घेतो, आणि कावळा लेवीय 11 प्रमाणे अशुद्ध पक्षी! पित्याची पंगत आपल्या कल्पनेहून मोठी आहे.

मग या पाखरांना द्यावे तरी काय? लेवीय 19:9 मध्ये शेताचा कोपरा न कापण्याची व सरवा न वेचण्याची आज्ञा आहे. कोपऱ्यासाठी हिब्रू शब्द ‘पेआ’. येथे धनी धान्य वाटत नाही. तो आपला हात आवरतो आणि गरीब स्वतः येऊन वेचतो. बवाजाच्या शेतात रूथने असेच वेचले. अंगणाचा एक कोपरा न झाडता राहू द्यावा, झाडांवर विषारी औषध फवारू नये, उथळ परळात पाणी ठेवावे. पाला उलथून किडे शोधणे दयाळाला आपल्याहून चांगले जमते.

मंदिराच्या आवारात पाल्याचा ढीग म्हणजे आळस, असे मानणारे पंच असतील. त्यांनी मागील कुंपणालगतची जागा नेमून द्यावी. तेथे विंचूही असू शकतो, तेव्हा मुलांच्या वाटेपासून ती दूर असावी. नाताळाचा चुना पुढच्या भिंतीलाच लागतो.