माणूस स्वतःचेच नुकसान का करतो?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळी संपवून एक गृहस्थ सकाळच्या मिस्सेनंतर आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "फादर, खर्रा सुटत नाही. तोंडात तिखट सहन होत नाही, घास नीट जात नाही. काही तरी सांगा." आम्हाला कुठेतरी जायचे होते. आम्ही उभ्या उभ्याच बोललो, "शरीर हे देवाचे मंदिर आहे. मनाचा निश्चय करा, सुटेल." त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. परत आले नाहीत. दीड वर्षानंतर आम्हीच त्यांचा अंत्यविधी केला.

दफनानंतर त्यांच्या पत्नीने विचारले, "फादर, तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र असते. त्यांना दिसत नव्हते का? सगळे माहीत असून माणूस असे का करतो?" त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे हे चिंतन त्या प्रश्नासाठी आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही वाचले होते की, सॉक्रेटिसच्या मते जाणूनबुजून कोणी स्वतःचे वाईट करीत नाही, चूक होते ती अज्ञानामुळे. अॅरिस्टॉटलला हे पटले नाही. चांगले काय ते कळते, तरीही पाय उलट्या दिशेने वळतात, असा माणूस त्याने पाहिला होता. संत पौलाने तर तो माणूस स्वतःमध्येच पाहिला. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो कबूल करतो की, जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होते. एवढा मोठा प्रेषित असे म्हणतो, तेव्हा आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी थोडे थांबायला हवे. आमचेच पाहा. डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितली आहे, आणि रात्री डब्यातल्या बेसनाच्या लाडवाकडे हात जातोच!

मग असे का होते? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. माणूस नाश मागायला जात नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, माणूस जे काही इच्छितो ते त्याला कोणत्या तरी अर्थाने चांगले वाटते म्हणूनच इच्छितो. आपले गाव वीज केंद्राचे आणि कोळसा खाणींचे. रात्रपाळीत डोळे मिटू नयेत म्हणून खर्रा तोंडात जातो. अंगदुखी विसरायला, कर्जाची काळजी बुडवायला ग्लास भरला जातो. मुलांची फी एका रात्रीत निघेल म्हणून मोबाईलवर जुगार खेळला जातो. विश्रांती, विसावा, आशा या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. फक्त त्या चुकीच्या दारात मागितल्या जातात.

आणि सोबत! संत अगस्तीन आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगतात. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. घरी त्याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे विचार करताना त्यांना जाणवले की, एकटे असतो तर हे केलेच नसते. आपल्या पानठेल्यावर उभी असलेली पोरे पाहिली की आम्हाला हीच गोष्ट आठवते. पन्नीवर घोटलेल्या खऱ्र्यापेक्षा त्यांना चौघांत उभे राहायला जागा हवी असते.

दुसरी गोष्ट. मागितलेले चांगले मिळत नाही, पण सवय मात्र मिळते. हेच अगस्तीन म्हणतात की, इच्छा वाकडी झाली की तिची वासना होते, वासनेची सवय होते आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. आजचे वैद्यकशास्त्रही निराळे सांगत नाही. निकोटीन आणि दारू मेंदूतील सुखाची वाटच बदलून टाकतात. मग माणूस सुखासाठी खात नाही, न खाल्ल्याचा त्रास टळावा म्हणून खातो. म्हणूनच चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद १७३५) म्हटले आहे की, सवय, भीती, मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. याचा अर्थ पाप नाहीच असा नव्हे. याचा अर्थ एवढाच की, नुसते "निश्चय करा" म्हणणे पुरेसे नाही. आम्ही त्या गृहस्थांना सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते.

तिसरी गोष्ट लाजेची आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय घरी उघडून वाचा. गरसेकरांच्या प्रदेशात एक माणूस थडग्यांमध्ये राहत होता. रात्रंदिवस ओरडत असे आणि दगडांनी स्वतःलाच जखमा करीत असे. गावाने त्याच्यासाठी काय केले? साखळदंडांनी बांधले. ते त्याने तोडले. बांधून उपयोग झाला नाही. आपणही महाराष्ट्रात पाहिले, २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. बंदी हवीच, पण पानठेल्यावरची गर्दी काही त्यामुळे गेली नाही. घरोघरी आपण वेगळ्या साखळ्या वापरतो. टोमणे, लग्नकार्यात न बोलावणे, "तो बेवडा" असे नाव पाडणे. लाज वाटली की माणूस लपतो, लपला की एकटा पडतो, एकटा पडला की पुन्हा त्याच दारात जातो.

प्रभू येशूने काय केले? त्याने विचारले, "तुझे नाव काय?" ज्याला सारा गाव भुताळलेला म्हणत होता, त्याला त्याने नाव विचारले. आणि तो बरा झाल्यावर, बरोबर येऊ द्या म्हणून विनवीत असताना, प्रभूने त्याला परत पाठवले. कुठे? घरी, आपल्या माणसांत. बंधू-भगिनींनो, त्या दिवशी आम्ही आमच्या दारातल्या माणसाला बसा म्हटले नाही. प्रवचन मात्र दिले.

सुटका होते, हे सांगायला एका कामगाराची आठवण करतो. डब्लिनचे मॅट टॅलबट (१८५६-१९२५) बाराव्या वर्षी कामाला लागले आणि लवकरच दारूत बुडाले. एकदा तर एका रस्त्यावरच्या वादकाचे फिडल चोरून विकले. १८८४ मध्ये एके दिवशी खिसा रिकामा होता. ज्यांना आजवर पाजले त्या मित्रांनी एक पेलाही दिला नाही. ते तसेच घरी गेले आणि दारू सोडण्याची शपथ घेतली. किती काळाची? फक्त तीन महिन्यांची! पुढे ती जन्मभर टिकली. रोजची मिस्सा, प्रार्थना आणि हमालीचे काम यांत ते एकेचाळीस वर्षे जगले. १९७५ मध्ये चर्चने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. कृपा माणसाच्या छोट्या पावलालाही कमी लेखत नाही.

तेव्हा आपण काय करावे? ज्यांना सवय आहे त्यांना आमची विनंती. आधी आजच्या दिवसापुरते ठरवा. तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर नागपूरच्या शासकीय दंत रुग्णालयात लगेच दाखवा. "आम्ही तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी" असे म्हणणाऱ्यांनीही जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कर्करोगाचे कारण ठरवले आहे. रोज खूप दारू पिणाऱ्यांनी ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. डॉक्टरकडे जाणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. डॉक्टरही देवाचेच हात आहेत.

घरच्यांना सांगणे एवढेच की, कर्ज फेडून किंवा खोटे बोलून सवय झाकू नका, आणि मार सहन करीत बसू नका. पण त्याचे नाव घेऊन हाक मारणे थांबवू नका. तो पुन्हा घसरला, तरी त्याचे ताट वाढून ठेवा.

आणि आमचे दार? मिस्सेनंतर आता आम्ही अर्धा तास कुठेही जात नाही. दोन खुर्च्या बाहेर ठेवल्या आहेत. पापनिवेदनासाठी या, किंवा नुसते बसायला या. तोंडात खर्रा असला तरी या.

हे प्रभू येशू, जे स्वतःच्याच हातांनी स्वतःला जखमी करीत आहेत, त्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांच्या हातातला दगड खाली ठेवायला त्यांना बळ दे, आणि आमच्या हातातलाही. आमेन.

आपले धर्मगुरू,
खापरखेडा