घर्षणांक 0.6 धरा

उतरणीचा कोन 30 अंश, ठोकळ्याचं वस्तुमान 2 किलोग्रॅम, स्थैतिक घर्षणांक 0.6, गुरुत्वीय त्वरण 10 धरा. ठोकळा स्थिर ठेवला आहे, घर्षणबल काढा. अकरावीच्या वर्गात हे गणित घातलं की बहुतेक पेनं थेट ‘म्यू गुणिले एन’कडे धावतात. लंबबल 17.3 न्यूटन, गुणिले 0.6, उत्तर 10.4. आकडेमोड चोख. पण ठोकळ्याला खाली ओढणारा वजनाचा घटक जेमतेम 10 न्यूटन आहे. मग जास्तीच्या 0.4 न्यूटनवर ठोकळा आपणहून चढण चढणार की काय? 10.4 ही घर्षणाची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात ते लागेल तेवढंच लागतं, म्हणजे 10 न्यूटन.

आधी ठोकळा स्थिर आहे असं गृहीत धरायचं, त्यासाठी किती घर्षण हवं ते काढायचं, मर्यादेशी ताडून पाहायचं आणि बसत नसेल तर गृहीतक मुकाट्यानं सोडायचं. ही शिस्त मी रोज शिकवतो. पण मला स्वतःला खरी गोडी कशाची आहे?

वेगाची. आकृती पुरी होण्याआधी त्वरणाचं सूत्र सांगून टाकलं की मागच्या बाकांवरून ‘वा सर!’ येतं, आणि ते मला आवडतं. बचाव तयार असतो: सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटं, मुलांना वेग लागतोच. ते खोटं नाही. पण रात्री घरी, समोर ना परीक्षा ना विद्यार्थी, तरी मी तसाच घाईनं गणित संपवतो. म्हणजे परीक्षा हे कारण नव्हे, सोयीची सबब आहे.

याहून अवघड प्रश्न त्या 0.6चा आहे. तो कुणी मोजला? आमोंतोंनं 1699 मध्ये घर्षणाचे नियम मांडले. पुढे कुलोमनं लाकडावर प्रयोग केले, तेव्हा पृष्ठभाग जितका वेळ टेकून राहतील तितकं स्थैतिक घर्षण वाढतं, असं त्याला दिसलं. म्हणजे घर्षणांक एकट्या ठोकळ्याचा नसतो. तो दोन पृष्ठभागांच्या जोडीचा आणि त्यांच्या त्या वेळच्या अवस्थेचा असतो. मोजायला फार काही लागत नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर खोडरबर ठेवायचं, पुठ्ठा हळूहळू उचलायचा आणि रबर सुटलं त्या कोनाचा टॅन्जंट घ्यायचा. दहा मिनिटांचं काम. तरी मी ते वर्गात टाळतो.

पोर्शन पुरा व्हायला हवा, हे मी स्वतःला सांगतो. पण खरी अडचण वेगळी आहे. चार बाकांवर चार कोन येतील, एकाच बाकावर दुसऱ्यांदा पाचवा येईल. कुणाचा बरोबर, असं मुलं विचारतील, आणि माझ्याकडे मागच्या पानावरचं उत्तर नसेल. खडू हातात असलेल्या माणसाकडे पक्का आकडा असलाच पाहिजे, ही गरज मुलांची नाही, माझी आहे. आकडे का हलतात, रबराखाली धूळ होती का, पुठ्ठ्याला झटका बसला का, हे शोधण्यात त्यांना गंमतच वाटेल. तिथेच भौतिकशास्त्र सुरू होतं, आणि ‘0.6 धरा’ म्हणून मी ते त्यांच्यापासून दूर ठेवतो.